हजेरी आणि तारेचे कुंपण

१९११ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा नव्याने केला आणि तो मुंबई व मद्रास इलाख्यांनाही लागू करण्याची वाट मोकळी झाली. मूळ कायदा १८७१ चा. तो आधी उत्तरेत, पंजाब आणि वायव्य प्रांताच्या भागात आला. भटक्या लोकांकडे संशयाने पाहायची रीत त्याआधीही होतीच. कायद्याने त्या संशयाला सरकारी शिक्का दिला आणि पुढच्या चाळीस वर्षांत तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरला.

कायद्याची रीत सरळ होती. एखादी जमात किंवा टोळी ‘गुन्हेगार’ असल्याचे सरकारने अधिसूचनेने जाहीर करायचे. तो निर्णय योग्य की अयोग्य, हे विचारायला कोर्टाचे दार बंद. मग जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्या जमातीतल्या माणसांची नोंदवही तयार करायची आणि त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचे. त्यांनी ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचे तर पास घ्यायचा, आणि पासाशिवाय सापडले तर तोच वेगळा गुन्हा. ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या जमातीतल्या माणसाला निदान सात वर्षांची कैद होती आणि तिसऱ्यांदा जन्मभर काळे पाणी. इतरांना त्याच गुन्ह्यासाठी एवढी शिक्षा सक्तीची नसे. साक्षीपुराव्याचे काम जन्माच्या दाखल्यावर भागवणारा हा कायदा, एरवी ज्या न्यायपद्धतीचा ब्रिटिशांना अभिमान होता, तिच्याच शेजारी बिनबोभाट नांदला.

मुंबई इलाख्यात कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, मांग-गारुडी, घंटीचोर, छप्परबंद अशा अनेक जमाती या यादीत गेल्या. यातल्या काहींचा पोटाचा धंदा रेल्वे, पक्क्या सडका आणि जंगलबंदी यांनी आधीच मोडला होता. बैलांवर मीठ-धान्य वाहणारे आणि रानात शिकार करणारे लोक बिनधंद्याचे झाले. पोलिसांच्या नजरेत मात्र बिनधंद्याचा आणि चोर यांत फारसा फरक उरला नव्हता.

कायद्यात वसाहतींचीही तरतूद होती. बोलीभाषेत त्यांना ‘सेटलमेंट’ म्हणत. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर अशा ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. मुंबई इलाख्यातल्या या कामाची सूत्रे ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याकडे होती. माणूस कामाचा होता, हे मान्य करायला हवे. नुसत्या पहाऱ्याने भागणार नाही, माणसांना काम आणि मुलांना शाळा हवी, ही त्याची धारणा होती. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची माणसे सकाळी गिरणीत कामाला जात आणि संध्याकाळी हजेरीला परत येत. गिरण्यांना मजूर मिळत, सरकारला बंदोबस्त मिळे. कायद्याने मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचाही अधिकार दिला होता. सुधारणा आणि कैद एकाच आवारात नांदत होत्या आणि कुंपणाचे दार कोणत्या बाजूने उघडायचे, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते.

गंमत अशी, की याच काळात तुरुंगाचा विचार बदलत होता. १९१९-२० च्या हिंदुस्थान तुरुंग समितीने शिक्षेचा हेतू कैद्याला सुधारून समाजात परत आणणे हा असावा, असे मांडले. मुंबईत १९२४ साली बालकांसाठी वेगळा कायदा झाला. एकेका गुन्हेगाराच्या स्वभावाचा विचार सुरू झाला होता, पण जमातीच्या बाबतीत तो विचार थांबला. त्याच १९२४ साली गुन्हेगार जमातींचा कायदा पुन्हा एकत्रित करून पक्का केला गेला.

कोल्हापूर संस्थानात चित्र निराळे होते. शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरीची पद्धत बंद केली. रोजच्या हजेरीमुळे या लोकांना परगावी मजुरीला जाणे अवघड होई. त्यातून चोरी थांबण्याऐवजी उपासमार वाढत असे. महाराजांनी फासेपारध्यांना जवळ बोलावून पहाऱ्याची कामेही दिली. त्याच दोन-तीन वर्षांत महारांची वतने रद्द झाली, आंतरजातीय विवाहाला कायदेशीर मान्यता मिळाली, स्त्रियांच्या छळाविरुद्ध आणि देवाला मुली वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदे झाले. फौजदारी बंदोबस्त आणि सामाजिक सुधारणा हे दोन वेगळे विषय आहेत, असे या दरबाराने मानलेच नाही. पण संस्थान छोटे होते, आणि हा बदल एका राजाच्या मर्जीवर उभा होता.

मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींचा कायदा मागे घेण्याची हालचाल १९३७ नंतर, काँग्रेसच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री क. मा. मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीपासून सुरू झाली. मुंबई सरकारने १९४९ साली तो रद्द केला, तर साऱ्या देशात तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. १९५९ मध्ये मुंबईने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात जमातीचे नाव नाही, गुन्ह्यांची नोंद पाहिली जाते. मात्र गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर चौकशीला जाण्याची पोलिसांची सवय कायद्याच्या कलमांत नव्हती, त्यामुळे ती कोणत्याही दुरुस्तीने रद्द झाली नाही.