हातचा मंडल, शीघ्र
बेरीज करताना एका स्थानी निर्माण झालेला हातचा पुढील सर्व स्थानांपर्यंत अल्पावधीत पोहोचविणारी गणकयंत्रातील योजना. ९९९९ मध्ये १ मिळविल्यास हातचा एकेक स्थान ओलांडीत जातो. म्हणून स्थाने वाढतात तसा विलंबही वाढतो. चार्ल्स बॅबेज यांनी १८३४ नंतर आखलेल्या वैश्लेषिक एंजिनाच्या आराखड्यात ९ दाखविणारी चक्रे आधीच हेरून त्या सर्वांत एकाच वेळी हातचा मिळविण्याची योजना होती. मात्र ते यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही.

कॉनरॅड त्सूझे यांचे झेड-३ (बर्लिन, १९४१) हे यंत्र अभिचालित्रांवर म्हणजे रिलेंवर चाले व द्विमान अंक वापरी. एखाद्या स्थानातील दोन्ही अंक १ असल्यास हातचा निर्माण होतो, दोन्ही ० असल्यास मागून आलेला हातचा तेथेच संपतो आणि अंक भिन्न असल्यास तो तसाच पुढे जातो. ही स्थिती अंकांवरूनच ठरत असल्याने सर्व स्थानांतील स्पर्शक आधी एकदमच जुळविता येतात. मग विद्युत् प्रवाह संपूर्ण साखळीतून जवळजवळ तत्क्षणी वाहतो. प्रत्येक स्थानी अभिचालित्र हलण्याची वाट पाहावी लागत नाही. मँचेस्टर विद्यापीठातील टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये हेच तत्त्व ट्रँझिस्टरांच्या साखळीत उतरविले.