पालो सान्तो : मेलेल्या झाडाचा धूप

देवापुढे गुग्गुळ किंवा सालईचा डिंक जाळताना, वाचकहो, या दोन्ही वृक्षांचा एक भाऊबंद दक्षिण अमेरिकेत आहे, हे आपल्या मनातही येत नसेल. इक्वेडोरचा किनारा व पेरूचा उत्तर भाग येथील शुष्क अरण्यांत तो वाढतो. करड्या सालीचा हा वृक्ष कोरड्या ऋतूत निष्पर्ण उभा असतो. स्पॅनिश लोकांनी त्यास ‘पालो सान्तो’, म्हणजे पवित्र काष्ठ, असे नाव दिले.

याचा धूप तयार करण्यात मनुष्याचा वाटा थोडाच आहे. जिवंत वृक्ष तोडल्यास त्याचे लाकूड जळते, पण दरवळत नाही. वृक्ष आपल्या मरणाने मरावा लागतो व कित्येक वर्षे अरण्यातच पडून राहावा लागतो. त्या अवधीत गाभ्यातील तेल मुरते. मग गावकरी तो ओंडका चिरून बोटाएवढ्या ढलप्या काढतात. भुसाही वाया जात नाही, त्याच्या धूपकांड्या होतात. ढलपी पेटवावी, ज्योत फुंकरीने विझवावी आणि धूर घरभर फिरवावा. खेड्यांतून डास पळविण्यासाठीही ती जाळतात.

किनारा सोडून अँडीज पर्वतावर गेल्यास काष्ठ बदलते आणि धुराचा अर्थही बदलतो. तेथील क्वेचुआ व आयमारा लोक ऑगस्ट महिन्यात पाचामामेस, म्हणजे भूमातेस, नैवेद्य अर्पण करतात. कोआ नावाची सुवासिक वनस्पती, कोकाची पाने व लामा या प्राण्याची चरबी हे सारे एकत्र जाळतात. या महिन्यात भूमी भुकेलेली असते, अशी त्यांची श्रद्धा आहे. आपला धूप देवास प्रसन्न करतो. त्यांचा धूर भूमातेची भूक भागवितो. हा भेद मला लहान वाटत नाही. सतराव्या शतकात पाद्र्यांनी असले विधी मोडून काढण्याची मोहीम चालविली, तरी ते टिकले.

स्वतः चर्चलाही धूप वर्ज्य नव्हता. लीमा नगरीत अंगोलाहून आणलेल्या एका गुलामाने १६५१ साली भिंतीवर क्रूसावरील ख्रिस्ताचे चित्र रंगविले. १६५५ च्या भूकंपात भोवतालची घरे कोसळली, ती भिंत मात्र उभी राहिली. १६८७ पासून त्या चित्राच्या प्रतिकृतीची मिरवणूक निघते. आजही ऑक्टोबरमध्ये जांभळा वेष व पांढरी ओढणी ल्यालेल्या स्त्रिया हाती धूपदान घेऊन पालखीपुढे चालतात, त्याही उलट्या पावली; कारण प्रभूकडे पाठ फिरवावयाची नसते.

अलीकडे मात्र पालो सान्तोच्या काड्या साऱ्या जगाच्या बाजारपेठांत जाऊ लागल्या आहेत, आणि बाजाराला वृक्षाच्या मरणाची वाट पाहण्याइतका धीर नसतो. पेरू सरकारने २००६ साली या वृक्षास अत्यंत धोक्यातील जातींच्या यादीत घातले. घोटाळा असा की, पॅराग्वे व अर्जेंटिनाकडील एका अगदी निराळ्या कुळातील वृक्षासही हेच नाव आहे. त्याच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१० पासून नियंत्रण आले. म्हणून काडी विकत घेणाऱ्याने नावावर विसंबू नये. लाकूड कोणत्या अरण्यातले, आणि झाड आपोआप पडले होते की पाडले, एवढे तरी विक्रेत्यास विचारावे.