लोणारच्या जंतूंचा साबण का होत नाही?

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याहून एका वाचकाने विचारलंय : लोणारचं पाणी साबणाच्या सोड्यासारखं असेल, तर त्यात राहणाऱ्या जंतूंचा साबण कसा होत नाही? प्रश्न बेरकी आहे. लोणारच्या परिसरात साबणाला लागणारा खार मिळतो, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’तही सापडते. पाण्याचा सामू दहाच्या वर. जून २०२० मध्ये हे सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण शोधलं : मिठात रमणारे हॅलोआर्किआ.

या हॅलोआर्किआचा साबण खरोखरच होत नाही. तेलातली मेदाम्लं ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेली असतात. त्या बंधातल्या एका कार्बनवर दुहेरी बंधाने जास्तीचा ऑक्सिजन बसलेला असतो आणि साबण करताना घातलेलं कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) नेमकं त्याच कार्बनवर तुटून पडतं. आपल्या पेशींच्या पटलातही हाच बंध आहे. हॅलोआर्किआत मात्र ईथर बंध असतो. तिथे तो जास्तीचा ऑक्सिजनच नाही, मग कॉस्टिकने धरायचं काय?

हे उमगलं कॅनडात, खारवलेल्या माशांवर चढणाऱ्या, अशाच मिठात रमणाऱ्या जंतूंच्या लाल थरामुळे. ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या सेहगल, केट्स आणि गिबन्स यांचा या जंतूंच्या मेदावरचा निबंध १९६२ मध्ये आला. नेहमीच्या रीतीने अल्कलीत उकळूनही त्या मेदातून मेदाम्लं जवळजवळ निघतच नव्हती. पुढे मॉरिस केट्स यांनी रचना उलगडली : वीस कार्बनांच्या दोन फायटॅनिल साखळ्या, मुख्य साखळीत दर चौथ्या कार्बनला मिथिलचा फाटा. सरळ कडब्याच्या पेंढीऐवजी बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालावं, तसं हे पटल. एकात एक अडकलेलं, आणि क्षारांचे आयन सहजी न झिरपू देणारं. शिवाय ग्लिसरॉलची मांडणी आपल्याहून नेमकी उलट, आरशातली.

इथवर आलं की ‘अभेद्य चिलखत’ वगैरे शब्द सुचू लागतात. जरा दमानं! लोणारला एरवी हिरवं ठेवणाऱ्या स्पायरुलिनाच्या पटलात साधा एस्टर बंधच असतो, आणि ती तिथे मजेत जगते. साबणाच्या कढईतल्या कॉस्टिकच्या मानाने हे पाणी हजार पटींहून सौम्य आहे, आणि जिवंत पेशी स्वतःची डागडुजी करतच असते. उलट म्हशीच्या पोटात मिथेन तयार करणाऱ्या आर्किआंकडेही ईथर बंध आहे. तिथे ना मिठाचा मारा, ना सोड्याचा. तेव्हा माझ्या मते ईथर बंध ही आधी आर्किआंच्या कुळाची खूण, मग चिलखत. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये आरएनएवरून हे कुळ वेगळं काढलं, पण मेदाची साक्ष पंधरा वर्षं आधीच नोंदली गेली होती.

त्या साक्षीत केट्स यांचं नाव सर्वत्र येतं, आणि ते रास्तच आहे. निबंधावर पहिलं नाव असलेले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल मात्र इथे कुणाला आठवत नाहीत. त्यांना लोक ओळखतात ते रॅपामायसिन या औषधासाठी. त्यांच्या औषध कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी ते औषध तयार करणारे जीवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपले. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड रोपणासाठी त्या औषधाला मंजुरी मिळाली. मिठातल्या जंतूंच्या प्रयोगशाळेत मात्र त्यांचं नाव बरणीवर टिकून आहे : लिटरला २५० ग्रॅम मीठ घातलेल्या तिथल्या एका खाद्याला आजही सेहगल-गिबन्स माध्यम म्हणतात.