वेताळ आणि डाकीण

मराठी मुलखाला भुतांचा तोटा कधीच नव्हता. कोकणातील आरवलीचा वेतोबा भुतांचा अधिपती खरा. पण गावाला तो राखणदार वाटतो. रात्री तो गस्त घालतो, या श्रद्धेने त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. ली फॉक यांनी १९३६ साली निर्मिलेला ‘फँटम’ १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठीत आला, तोही ‘वेताळ’ होऊनच. तो भूत नव्हेच. पित्याचा वेष पुत्र चढवितो, म्हणून अमर भासतो एवढेच.

या भुतांनी कोणाचे वाईट केले नाही. नंदुरबार जिल्ह्यातील ‘डाकीण’ मात्र गोष्टीतली नव्हे, हाडामांसाची असते. याच जिल्ह्यात पुरुषोत्तमनगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला; पण सातपुड्याच्या पाड्यांवर मूल दगावले, गाय आटली, की एखाद्या बाईवर बोट रोखले जाण्याचे थांबले नाही. ती बहुधा एकटी वा विधवा असते. कधी तिच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा असतो.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप गुन्हा ठरविला. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. परंतु कायदा पोचतो तो अनर्थ घडल्यावर. तापाने फणफणलेल्या मुलापाशी भगताआधी डॉक्टर पोचला, तर डाकीण शोधण्याची वेळच येणार नाही. गोष्टीतला वेताळ खुशाल नांदो. जिवंत स्त्रीला भूत ठरविणे मात्र थांबलेच पाहिजे.