अजून चालत नाही!

पहिल्या वाढदिवसाला औक्षण झालं, केक कापला की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘चालतंय न्हवं आता?’ नाही म्हटलं की सल्ले सुरू होतात. कुणाची नात दहाव्या महिन्यातच घरभर पळत होती, कुणी अमुक तेलानं मालीश करायला सांगतं. आजी मात्र शांत असते, ‘ह्याचा बाप बी दीड वर्साचा झाल्यावर चालला.’ पाहुणे जातात आणि बाळाची आई रात्री मोबाइलवर माहिती शोधत बसते. कोल्हापूरजवळच्या उचगावात, गांधीनगरात, शहरातल्या कुठल्याही पेठेत हेच घडतं.

या आईला ठोस आकडा हवा असतो, आणि तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या 816 निरोगी बाळांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला. भारतातली बाळं दक्षिण दिल्लीतली होती. आधाराशिवाय चालायला लागण्याचं सरासरी वय निघालं 12 महिने, पण जवळजवळ सगळी बाळं सामावून घेणारा काळ होता सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं आणि सतराव्यात चालणारं, दोन्ही निरोगीच. आणखी एक गोष्ट त्यातून कळली. शंभरातली चारएक बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी वेळेत चालली. ‘रांगला नाही, म्हणून चालत नाही’ ही काळजी तिथंच सोडून द्यावी.

काही बाळं रांगण्याऐवजी बसल्या बसल्या घसरत पुढं जातात. ती उशिरा उभी राहतात, कधी कधी दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत चालत नाहीत, आणि घराण्यात आधी कुणी तसंच केलेलं असतं. आजीचं म्हणणं अशा वेळी अगदी खरं असतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा हिशोबही वेगळा. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ दीड वर्षाचं झालं, तरी विकासाच्या मापानं ते सोळा महिन्यांचंच धरायचं.

पण आजीच्या धीरालाही मुदत असावी, आणि ती 18 महिन्यांची, असं मला ठामपणे वाटतं. दीड वर्ष झालं आणि बाळ स्वतःहून चालत नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंच, आजीचा अनुभव काहीही असो. काही खुणा दिसल्या तर तेवढंही थांबायचं नाही. नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नाही. अंग फार ढिलं किंवा फार ताठ वाटतं. वर्षाच्या आतच बाळ सगळं एकाच हातानं करतं, दुसरी मूठ मिटलेलीच राहते. आधी उभं राहायचं ते आता राहत नाही. यातली शेवटची खूण सर्वांत गंभीर, कारण आलेलं कौशल्य जाणं कुठल्याही वयात साधं नसतं.

उशीर होण्यामागं अनेक कारणं असतात आणि त्यातली काही सहज बरी होतात. ड जीवनसत्त्व कमी पडलं की मुडदूस होतो, हाडं मऊ राहतात, पाय वाकतात. पहिलं वर्षभर रोज 400 युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला बालरोगतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी, आणि नेमके तेच थेंब चार-सहा महिन्यांनी घरोघरी बंद पडतात. थायरॉइडची कमतरता रक्ताच्या तपासणीत कळते. खुब्याचा सांधा जन्मापासून सरकलेला असेल, तर लंगोट बदलताना एक मांडी नीट उघडत नाही. सहा महिन्यांच्या आत कळलं तर बहुतेक वेळा पट्ट्यांवर भागतं, चालण्याच्या वयात कळलं तर बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळू नयेत, असं डॉक्टर म्हणतात ते या खुब्यासाठीच. आपल्याकडची कडेवर घेण्याची पद्धत मात्र खुब्यांना चांगली, पाय फाकलेले राहतात.

जन्मताना बाळ उशिरा रडलं असेल, तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता तपासावी लागते. मुलग्यांमध्ये स्नायू क्षीण होत जाणारा ड्युशेन हा आजारही कधी कधी उशिरा चालण्यातूनच पहिल्यांदा डोकावतो. सीपीके या साध्या रक्ततपासणीनं त्याचा संशय पक्का करता येतो किंवा दूर होतो. तरी निदान बहुधा मूल चार-पाच वर्षांचं झाल्यावर होतं, तोवर ‘नाजूक आहे’ म्हणत दिवस जातात.

चाकांचं बैठं वॉकर आणून घाई करू नये. त्यात बाळ बोटांच्या टोकांनी ढकलत राहतं, तोल सांभाळायला शिकत नाही, शिवाय पायरीवरून कोसळतं. कॅनडानं 2004 मध्ये अशा वॉकरची विक्रीच बंद केली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बसायचं नसतं, उभं राहून स्वतःच्या पायांवर भार घेत तो ढकलायचा असतो. बाळ धरून उभं राहायला लागलं की तो जरूर द्यावा. घरात अनवाणी फिरू द्यावं.

मालीश करावी, बाळाला बरं वाटतं, पण मेंदूतला किंवा सांध्यातला दोष तेलानं जात नाही. आणि आईनं गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, हा ठपका तर निव्वळ अन्याय आहे. ग्रहणाचा आणि बाळाच्या पायांचा काही संबंध नाही. 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणात शेजारच्या कर्नाटकात, कलबुर्गीजवळ ताजसुलतानपूरला, अपंग मुलांना बरं वाटावं म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरलं होतं. ते आईबाप क्रूर नव्हते. त्यांना वेळेवर योग्य दार कुणी दाखवलं नव्हतं.

या काळजीच्या तळाशी खरी भीती असते ती ‘कधीच चाललं नाही तर?’ ही. आजीच्या पिढीनं पोलिओ पाहिलाय. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला, 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी भीती उरली. तिला उत्तर उचगावातच आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचं बळ गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. तिचं ‘घरौंदा’ वसतिगृह उचगावात आहे आणि समर्थ विद्यामंदिर ही शाळाही. चाकाच्या खुर्चीवरून, कुबड्यांवर, कॅलिपर घालून मुलं तिथं शिकली आणि कमावती झाली. नसीमादीदींचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन धास्तावलेल्या आईबापांनी आवर्जून वाचावं. वाईटात वाईट निदान झालं तरी पुढं आयुष्य आहे, हे कळलं की डॉक्टरकडं जायचं धाडस येतं.

खर्चाची धास्तीही असते. फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं, आणि विकासात मागं पडणाऱ्या बाळाला पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं जातं. फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होईल तितकी अधिक उपयोगी पडते, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू सर्वाधिक वेगानं शिकतो.

तुमच्या घरात दीड वर्षाचं, न चालणारं बाळ असेल, तर माता-बाल संरक्षण कार्ड घ्या, बसणं, उभं राहणं कोणत्या महिन्यात झालं ते आठवून लिहा, बाळाच्या हालचालींचा एखादा व्हिडिओ काढा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.