कपारी रिकाम्या का?

रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनजवळच्या हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरल्या की खाली लाटांनी कापून सपाट केलेला कातळ लागतो, आणि बाजूच्या भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी. तिथल्या कपारी पाहून अनेकांना वाटतं, इथे आदिमानव राहत असेल.

राहिलाही असेल, पण त्याचा माग या कपारींत उरणं फार कठीण. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हाचा किनारा दूर पश्चिमेला होता. तिथल्या पुळणी, सावित्री नदीचं तेव्हाचं मुख, माणसांच्या वाटा, सगळं आज पाण्याखाली आहे. साधारण ७,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्या पातळीजवळ आला आणि तेव्हापासून दर भरतीला लाटा या कपारी धुऊन काढतायत. चुलीची राख इथे टिकणार कशी?

दक्षिण आफ्रिकेत मोसेल बेजवळच्या पिनॅकल पॉइंटच्या गुहेचं नशीब वेगळं. ती लाटांच्या बरीच वर आहे, आणि वरच्या वाळूच्या टेकड्यांतून झिरपणाऱ्या चुनखडीयुक्त पाण्यामुळे आतले थर व शिंपले टिकले. १,६४,००० वर्षांपूर्वी माणसं तिथे कालवांसारखे शिंपल्यातले जीव खात होती. संशोधक कर्टिस मरियन यांचं म्हणणं असं, की असं अन्न भरपूर आणि सुखरूप मिळवायचं तर उधाणाची ओहोटी गाठावी लागते, म्हणजे चंद्रावर लक्ष हवं. अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब धरून खडकावर कालवं फोडायला जाणाऱ्या आपल्या कोकणी बायकांना हे वेगळं सांगायला नको. एवढ्या प्राचीन माणसाच्या डोक्यातलं वेळापत्रक शिंपल्यांवरून वाचता यावं, हे मला विलक्षण वाटतं.

कोकणात हाडं-शिंपले टिकणं अवघड. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, जांभ्याची आम्लधर्मी माती. त्यात हाड विरघळून जातं, दगड तेवढा राहतो. म्हणून इथला पुरावा मुख्यतः दगडांचा. गुहागर तालुक्यात पालशेतजवळ सुसरोंडीच्या गुहेत डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांना पुराश्मयुगीन हत्यारं मिळाली. कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेतही उत्खननात दगडी हत्यारं निघाली. आणि उघड्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरची, कातळशिल्पं आहेतच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले.

कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातली स्थळं रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली आहेत. रायगडचं एकही नाही. म्हणून श्रीवर्धन-म्हसळ्याकडे शोध लाटांच्या रेषेत नव्हे, तर वर, बारमाही झऱ्यांजवळच्या घळींत आणि सड्यांच्या कडांवर घ्यायला हवा. जांभ्याचे चिरे काढणारी यंत्रं सड्यावर चढण्याआधी तिथला कातळ कुणीतरी साफ करून, नीट पाहून, नोंदवायला हवा. कोरलेला थर वरचाच असतो, आणि खाणीत आधी तोच जातो.