कापूस, कर्ज आणि अंगठा

आठवीच्या वर्गात अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला. चार वाक्ये सांगून आम्ही पुढे सरकणार, तोच मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ''ते गुलाम सातासमुद्रापलीकडचे. आपल्या शिरूर-दौंडला त्यांचे काय?'' प्रश्न खवचट नव्हता, पण उत्तर आम्हाला लगेच देता आले नाही. घरी येऊन पुस्तके काढली, तेव्हा कळले की उत्तर आपल्या चौफुल्यापासून फार लांब नाही.

आधी तिकडचे सांगतो. नॉर्थ कॅरोलायना राज्यात स्टॅगव्हिल नावाचा मळा होता. १८६० च्या सुमारास त्याच्या मालकांकडे ३० हजार एकरांच्या आसपास जमीन आणि तिच्यावर राबणारे ९०० च्या आसपास गुलाम होते. १८४४ मध्ये त्यातल्या शंभराहून अधिक माणसांना अलाबामातल्या कापसाच्या मळ्यावर हलवण्यात आले. अशा हलवाहलवीत आई एकीकडे आणि लेकरू दुसरीकडे होई. विचारणारे कोणी नव्हते, कारण कायद्याने माणूस हीच मालमत्ता होती. गुलामांच्या राहत्या घरांपैकी काही आजही उभी आहेत. त्यांच्या धुराड्याच्या विटांवर, ओल्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे दिसतात. त्या काळी अमेरिकेत अशी सुमारे ४० लाख माणसे होती.

याच राज्यात उमर इब्न सईद हा गुलाम होता. पश्चिम आफ्रिकेतल्या फुता तोरोचा हा आलिम. पंचवीस वर्षे इल्म शिकलेल्या या माणसाला १८०७ मध्ये जहाजात कोंबून चार्ल्सटनला आणून विकले. पळून जाताना पकडला गेला, तेव्हा त्याने तुरुंगाच्या भिंतींवर कोळशाने अरबी मजकूर लिहिला, असे सांगतात. १८३० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८३१ मध्ये, उमरने अरबीत आपली जीवनकथा लिहिली. पुढच्या आयुष्यात त्याची नोंद चर्चमध्ये झाली होती. मनात काय होते ते अल्लाह जाणे. पण कथेची सुरुवात त्याने सूरह अल-मुल्कने केली. सत्ता आणि मालकी कोणाची, याच गोष्टीने ती सूरह सुरू होते. १८६४ मध्ये तो गुलाम म्हणूनच वारला. गुलामी देशभर रद्द झाली ती १८६५ च्या डिसेंबरात. त्याची वही आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे.

आता आपल्याकडे वळू. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई, म्हणजे गुलामांच्या हातांनी वेचलेला. १८६१ मध्ये युद्ध पेटले आणि बंदरे अडली. आधी २० लाख गाठी येत होत्या, त्या १८६२ मध्ये ५५ हजारांवर आल्या. गिरणीवाल्यांनी मोर्चा मुंबईकडे वळवला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी सावकारांना पैसा पुरवला आणि सावकारांनी शेतकऱ्यांना. कापूस लावला तर एकरी शंभर रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. आपल्याकडे कापूस थोडा, ज्वारी-बाजरीच जास्त. पण भाव सगळ्याच मालाचे वाढले. पुण्याहून आपल्या भागातून पुढे जाणारी आगगाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती. पैसा खुळखुळू लागला आणि कर्जाची भीती गेली.

१८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस परत आला, इथले भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्यातच सरकारने १८६७ पासून शेतसारा वाढवला. कुठे दीडपट, कुठे दुप्पट. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती, ती रयतेच्या भल्यासाठी. घडले उलटे. दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा व्हायचा आणि शेतकरी न वाचताच त्यावर अंगठा उठवायचा.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर बाबासाहेब देशमुखांचे घर पाडायला घेतले. गाव चिडले. सावकारांचे शेत कोणी कसेना, पाणी कोणी भरेना, न्हावी दाढी करीना. मग १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांची रयत जमली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते, आजच्या दौंडच्या बऱ्याच गावांसारखेच, भीमथडी तालुक्यात होते. लोकांनी वह्या आणि रोखे मागितले आणि चव्हाट्यावर जाळले. हे लोण तीसहून अधिक गावांत पसरले आणि साडेनऊशे माणसे पकडली गेली. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

कर्जबाजारी शेतकरी म्हणजे गुलाम नव्हे, हे आम्ही वर्गातही बजावून सांगितले. त्याची लेकरे कोणी बाजारात विकत नव्हते. आणि गुलामी हे फक्त गोऱ्यांचे पाप, असे म्हणून आपल्यालाही हात झटकता येणार नाहीत. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर लहानपणी विकला गेला होता, आणि विकणारे-घेणारे गोरे नव्हते. हज़रत बिलाल (रजि.) यांना विकत घेऊन मुक्त करणाऱ्या हज़रत अबू बक्र (रजि.) यांचा दाखला आपण अभिमानाने देतो. तो देताना आपल्या बाजारांचाही हिशेब द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी दिसते. तिकडे गुलामाला अक्षर शिकू देत नसत, कारण त्यात मालकाला धोका होता. इकडे अक्षर येत नव्हते म्हणून वाढत गेलेला आकडा शेतकऱ्याला दिसत नव्हता. उमरजवळ अक्षर होते, म्हणून त्याचे नाव त्याच्याच हातचे उरले. सुप्याच्या रयतेला रोखा वाचता येत नव्हता, म्हणून तो जाळण्यापलीकडे तिच्या हाती काही उरले नव्हते.

आज अंगठ्याच्या जागी सही आली आहे. पण दारात फायनान्सवाला आला की आपल्या घरांतल्या किती अम्मी, किती खाला कागद वाचून सही करतात? आम्ही मुलांना गृहपाठ दिला: घरातला कर्जाचा एखादा कागद मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी तीच मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ''नानीला वाचून दाखवला. नानी म्हणाली, परत वाच.''